न बघता सांग, कोपर कुठं आहे

आमच्या काशीतल्या दुर्गाघाटच्या घरात शिवाशिव या विषयावर जितकं बोलणं होई, तितकं माणसांवर कधी झालं नाही. कोण कुणाला शिवलं, कशाला शिवलं, शिवल्यावर आंघोळ केली की नुसतेच पाय धुतले, यावर सकाळपासून खल चाले. खालून नावाड्यांच्या हाका यायच्या, शेजारच्या पाठशाळेतली मुलं घसा ताणून संहिता म्हणायची, आणि या सगळ्यावरून माझ्या थोरल्या काकांचा, नानांचा, आवाज यायचा, ‘कोण शिवलं रे त्या सोवळ्याच्या वलणीला?’ नाना याज्ञिकी करायचे. यजमानांपुढे ते वेदमूर्ती होते, घरात मात्र सदैव कुरकुरणारं दार. हे घर आपल्या मंत्रांवर उभं आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. प्रत्यक्षात ते माझ्या बाबांच्या बँकेतल्या नोकरीवर आणि यमूआत्याच्या दोन हातांवर उभं होतं. पण बाबा नानांपुढे बोलायचे म्हणजे फक्त घसा खाकरायचे, आणि यमूआत्याला कुणी विचारतच नसे.

यमूआत्या ही या दोघांची धाकटी बहीण. लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवऱ्यानं तिला माहेरी आणून सोडलं आणि तो इंदूरला निघून गेला. कारण सांगितलं नाही. नानांनीही विचारलं नाही, कारण जावयाला जाब विचारणं त्यांच्या शास्त्रात बसत नव्हतं. बहिणीला उपाय सांगणं मात्र बसत होतं. नवरा परत येईपर्यंत दूध, दही, ताक, तूप सगळं सोड, असं व्रत त्यांनी तिला दिलं. तिनं ते घेतलं. मला कळायला लागलं तेव्हा त्या व्रताला इतकी वर्षं झाली होती, की तो नवरा कसा दिसायचा हेही घरात कुणाला धड आठवत नव्हतं. रोज खीर आटवणारी, कढी करणारी, तूप कढवणारी आत्या स्वतः वरण-भात कोरडा खायची. नाना तिच्यासमोर बसून तूप ओरपत. याला आमच्याकडे धर्म म्हणत.

सोवळ्याचा स्वयंपाक तिच्याकडे होता, आणि त्या घरात तिला जागा होती ती तेवढ्यामुळं. पहाटे ती घाटावर बुडी मारून ओलेत्यानं घागर घेऊन वर यायची. आमची गली अशी, की समोरून कुणी आलं तर एकानं ओट्यावर चढावं. त्यात दूधवाल्याचे कॅन, त्यात पसरून बसलेला सांड, त्यात धावणारी पोरं. नाना आंघोळ करून यायचे तेव्हा ‘हटो, हटो, छूना मत’ असं ओरडत यायचे आणि तरी कुणाला ना कुणाला धडकून परत घाटावर जायचे. आत्या तोंडातून अक्षर काढायची नाही. एक खांदा आत घ्यायची, पदराचं टोक दोन बोटांत धरायची, सांडाच्या शिंगापासून वीतभर अंतर ठेवून पुढं व्हायची, आणि घागरीतलं पाणी हलायचंसुद्धा नाही. तिची नजर पायांकडे कधी नसे. मी तिच्या मागोमाग चालत असे आणि मला वाटे, हिला पाठीलाही डोळे आहेत.

ते डोळे नव्हते. ते काय होतं, हे तिनं मला शिकवलं, कारण घरातल्या मुलीला पंगतीत वाढता यायला हवं असा आग्रह होता. दुपारी सगळे आडवे झाले की आत्या माजघरात समोरासमोर पाट मांडायची, प्रत्येक पाटापुढं तांब्या-भांडं ठेवायची, आणि माझ्या हातात पाण्यानं भरलेलं पातेलं देऊन म्हणायची, ‘चल. डोळे मिट.’ मधल्या चिंचोळ्या वाटेनं वाकून, कमरेतून वाकून, जायचं. तांब्याला पाय लागला की पुन्हा सुरुवात. मध्येच ती म्हणायची, ‘थांब. न बघता सांग, कोपर कुठं आहे?’ मी सांगायची. ‘पदर?’ मी चाचपायला हात नेला की फटका. ‘हातानं नको शोधूस गं. आतून सांग.’ मग टाच कशावर आहे, मान कुणीकडे कलली आहे, कुठल्या पायावर भार आहे, सगळं डोळे मिटून सांगायचं. मला या प्रकाराचा भयंकर राग यायचा. एकदा मी म्हटलं, ‘आत्या, वाढताना मी काय आंधळी असणार आहे?’ ती म्हणाली, ‘वाढताना डोळे पानावर असतात, नले. कुणाला काय हवं ते बघायला. आपल्या अंगाकडे बघायला डोळे उरतच नाहीत. अंगाचं अंगालाच समजायला पाहिजे.’ मग म्हणाली, ‘तू घरभर हिंडतेस, पण अंगात राहत नाहीस.’

इथं जरा थांबून आजचं सांगते. गेल्या थंडीत सूनबाई मला माझ्या गुडघ्यांच्या काळजीपोटी अहिल्याबाई घाटाजवळच्या एका वर्गाला घेऊन गेली. जुन्या घराचा वरचा मजला, गुळगुळीत लाकडी जमीन, कोपऱ्यात उदबत्ती, आणि डोक्यावर केसांचा बुचडा बांधलेला एक तरुण गुरू, जो पुण्याहून येऊन आम्हाला काशीचं प्राचीन ज्ञान विकत होता. त्यानं आमच्या डोळ्यांना रेशमी पट्ट्या बांधल्या आणि दबक्या आवाजात सांगितलं, की शरीराला स्वतःची एक जाण असते, तिला ‘प्रोप्रिओसेप्शन’ म्हणतात, आणि आपण आता तिच्याशी मैत्री करणार आहोत. मग हात वर करा, डोळे न उघडता अनुभवा, बोटांना धन्यवाद द्या. बोटांना धन्यवाद! माझ्या शेजारची बाई हुंदके देऊन रडली, तिला म्हणे तिचा खांदा सापडला. मी पट्टी बांधूनच खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाणी पिऊन आले, तर गुरू म्हणाला, ‘आंटी, वाव! तुम्ही आधी कुठं प्रॅक्टिस केली आहे?’ मी म्हटलं, ‘श्राद्धाच्या पंगतीत.’ तो हसला, त्याला तो विनोद वाटला. त्यानं सांगितलेलं खोटं नव्हतं, हेही कबूल करते. पण ज्याला ती जाण सहज मिळाली आहे आणि कधी गेलेली नाही, त्यानं तिच्याबद्दल इतकं गोड बोलावं याची मला शिसारी आली. ती गेली म्हणजे काय होतं ते मी पाहिलं आहे.

मी चौदाएक वर्षांची असेन. आधी आत्याच्या हातून लहानसहान गोष्टी निसटू लागल्या. काठीनं लुगडं वलणीवर टाकताना नेम चुकायचा. पायांना मुंग्या येतात म्हणायची. एकदा मला म्हणाली, ‘नले, फरशीवर कुणी घोंगडं अंथरलंय का गं? पायाला कापसावर चालल्यासारखं लागतंय.’ फरशी उघडीच होती. मग ती चालताना खाली बघू लागली. गलीतून वर येताना नजर सारखी पायांवर, पाय जरा फाकलेले, हात भिंतीकडे. भिंतीला हात लागला म्हणजे सोवळं गेलं, म्हणून पुन्हा घाटावर. थंडीच्या दिवसांत ती एका सकाळी कितीदा घाट उतरायची-चढायची, आणि दर वेळी अधिकच झोकांडत यायची. काकू, म्हणजे नानांची बायको, खिडकीतून बघून म्हणायची, ‘ध्यान नाही हो हिचं आजकाल. मन कुठंतरी भटकतंय.’ काकूला स्वतःला साधी गवारीची भाजी करताना शेंगांच्या शिरा काढायचा कंटाळा, पण मनं कुठं भटकतात हे तिला बरोबर समजायचं.

फाल्गुनात आजोबांचं श्राद्ध आलं. माजघरात ब्राह्मण बसले होते, पानं मांडून झाली होती, वडे, आमटी, अळू, कोशिंबीर, सगळं आत्यानं एकटीनं केलेलं. ती खिरीचं पातेलं घेऊन वाढायला आली. डोळे पानावर ठेवायचे की पायांवर, असा तिचा गोंधळ मला दारातून दिसत होता. तिनं जुन्या सवयीनं डोळे पानावर ठेवले. पुढच्याच पावलाला तिचा पाय एका ब्राह्मणाच्या मांडीला लागला, पातेलं कललं, आणि गरम खीर त्याच्या हातावरून पानात, पानावरून पिंडांच्या ताटापर्यंत गेली. आत्या जमिनीवर बसली ती तशीच, स्वतःच्या पायांकडे बघत, जणू ते दुसऱ्याच कुणाचे होते. नानांनी तिला हात दिला नाही, सोवळ्यात होते ना! ते तिथूनच ओरडले, ‘बापाच्या श्राद्धाला हे धंदे? अंगात मस्ती चढलीय, दुसरं काही नाही.’ ज्या बाईच्या अंगातून तिचं अंगच निघून चाललं होतं, तिच्या अंगात मस्ती! इतक्या वर्षांनंतरही हे वाक्य लिहिताना मला नानांचा तिरस्कार वाटतो. तो कमी झालेला नाही आणि व्हावा अशी माझी इच्छाही नाही.

त्या दिवसापासून स्वयंपाकघर काकूकडे गेलं. नानांनी निदान केलं, की यमूचं पूर्वसंचित आडवं येतंय, आणि त्यावर औषध म्हणून आणखी उपास सांगितले. म्हणजे आधी दूध-दही बंद होतं, आता एक दिवसाआड अन्नच बंद. आत्या जिन्याखालच्या खोलीत बसू लागली. तिची जीभ लाल, गुळगुळीत झाली होती, चेहरा पिवळा पडला होता. काही दिवसांनी नाना जेवताना बाबांना म्हणाले, ‘निराधार बायकांसाठी एका मठात खोली मिळते आहे. बोलून ठेवलंय मी. कामाची राहिली नाही, तर इथं ठेवून करायचं काय?’ ताटावर बसून, आमटी भुरकत, त्यांनी हे सांगितलं. बाबांनी घसा खाकरला. तो मठ मी पाहिला होता. ओलसर अंधारात रांगेनं बसून मरणाची वाट बघणाऱ्या बायका होत्या तिथं. आत्यानं जिन्याखालून सगळं ऐकलं असणार, कारण त्या घरात गुप्त असं काही राहतच नसे.

मी तिच्याजवळ जास्त असायची म्हणून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. ती पडायची ते डोळे मिटल्यावर. मोरीत तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले की ती भिंतीवर आपटायची. संध्याकाळी देवापुढं हात जोडून डोळे मिटले की आधी डुलायची आणि मग कोसळायची. काकू म्हणायची, देवच तिला उभं राहू देत नाही. मी बाबांना बँकेच्या वाटेत गाठलं आणि म्हटलं, ‘बाबा, आत्या डोळे उघडे असले की उभी राहते, मिटले की पडते. हे पाप नाही. पापाला डोळ्यांशी काय करायचंय?’ दुसऱ्या दिवशी त्यांनी आयुष्यातलं बहुधा एकमेव धाडस केलं. यमूची दाढ दुखते आहे, असं नानांना सांगून ते तिला मोठ्या इस्पितळात घेऊन गेले. मला बरोबर नेलं. बहिणीला डॉक्टरकडे न्यायला बँकेतल्या शिकल्यासवरल्या माणसाला दाढेची सबब लागली, हेही लिहून ठेवते.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी आत्याला पाय जुळवून उभं केलं. ‘माताजी, अब आँखें बंद कीजिए।’ तिनं डोळे मिटले आणि ती सरळ बाबांच्या अंगावर आली. मग तिला झोपवून त्यांनी तिच्या पायाचा अंगठा दोन बोटांत धरला. ‘आँखें बंद ही रखिए। देखे बिना बताइए, अंगूठा ऊपर है कि नीचे?’ आत्या विचार करू लागली. मला तिच्या कपाळावरची शीर दिसत होती. ‘ऊपर,’ ती म्हणाली. अंगठा खाली होता. त्यांनी तो वर केला, तर ती म्हणाली, ‘नीचे।’ मी खोलीबाहेर जाऊन रडले. तिला रडू येत नव्हतं, कारण आपण चुकलो हे तिला कळलंच नव्हतं.

मी परत आत आले तेव्हा डॉक्टर खाण्यापिण्याचं विचारत होते. दूध घेता का, असं त्यांनी विचारलं. ‘छोड़ दिया है,’ आत्या म्हणाली. कधीपासून, का, सगळं त्यांनी विचारलं आणि तिनं सगळं सांगितलं. ‘और वो लौटे?’ डॉक्टरांनी विचारलं. बाबांनी घसा खाकरला. मग डॉक्टरांनी सांगितलं, की हात कुठं आहे, पाय कुठं आहे, ही खबर अंगातून डोक्यापर्यंत नेणाऱ्या नसा पाठीच्या कण्यातून जातात, आणि एका जीवनसत्त्वावाचून त्या सुकत चालल्या आहेत. हे जीवनसत्त्व मांस-अंडी न खाणाऱ्यांना दुधादह्यातूनच काय ते मिळतं. इंजेक्शनं घ्यायची, दूध प्यायचं, उपास पूर्ण बंद. सगळं परत येईल असं नाही, पण बरंचसं येईल. आत्यानं एकच प्रश्न विचारला, ‘फिर से परोस पाऊँगी?’ पुन्हा वाढता येईल का? डॉक्टर म्हणाले, कोशिश कीजिए.

घरी दाढेची सबब फार दिवस टिकली नाही. इंजेक्शनचं औषध लालभडक होतं. ते बघून नाना म्हणाले, ‘कुणाचं काळीज वाटून घातलंय यात, काय माहीत.’ त्या दिवसापासून जिन्याखालची खोली आणि त्यातली आत्या, दोन्ही ओवळ्यात जमा झाली. तिचं ताट दारात सरकवलं जाऊ लागलं. पण बाबा इंजेक्शनं आणत राहिले आणि मी आईच्या पातेल्यातून दूध चोरून नेत राहिले. आईला माहीत होतं, ती फक्त पातेलं भरलेलं ठेवायची. आणि दुपारी सगळे आडवे झाले, की मी त्या खोलीत तिच्यासमोर बसून म्हणायची, ‘आत्या, डोळे मिट. न बघता सांग, कोपर कुठं आहे?’ सुरुवातीला ती चिडायची, मग हसायची. कोपर आधी परत आलं. गुडघे नंतर आले. पायाचे अंगठे शेवटपर्यंत पुरते आले नाहीत. पण पावसाळा सरता सरता ती खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मान वर ठेवून चालू लागली. घामानं निथळायची, पण खाली बघायची नाही.

पितृपक्षात आजोबांची तिथी आली. ब्राह्मण पाटावर येऊन बसले. काकूचा स्वयंपाक झाला होता, म्हणजे करपल्याचा वास सगळ्या घरात होता. नाना रेशमी सोवळं नेसून बाहेर आले, जिन्याखालच्या दाराशी चार हात लांब उभे राहिले, आणि ब्राह्मणांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘यमू, पक्ष संपला की मठातली खोली ताब्यात घ्यायची आहे. तुला इथंच राहायचं असेल तर प्रायश्चित्त घे, पंचगव्य घे, त्या सुया बंद कर, आणि व्रत पुन्हा धर. मग बघू स्वयंपाकघराचं. आज काय ते सांग.’ इतकं उदार बोलल्यावर माणसाचा चेहरा जसा होतो, तसा त्यांचा झाला होता.

आत्या उठली. अंगावर रोजचं सुती पातळ होतं, आंघोळ कधीची झालेली, म्हणजे पूर्ण ओवळ्यात. ती दारातून बाहेर आली आणि माजघरात पानांच्या दोन रांगांमधून चालू लागली. खाली बघितलं नाही. डोळे नानांच्या तोंडावर होते. पदराचं टोक तिनं दोन बोटांत धरलं होतं. एका पानाला, एका तांब्याला, कुणाच्या धोतराला ती लागली नाही. वाटेत एकदा तिचा पाय डगमगला, तेव्हा ती थांबली, भार दुसऱ्या पायावर घेतला आणि पुढं निघाली. नानांना वाटलं असावं, ही नमस्कार करायला येते आहे. त्यांनी आशीर्वादाला हात वर करायला घेतला. तिनं आपला उजवा पंजा त्यांच्या छातीवर ठेवला, पाची बोटं पसरून, आणि तसाच राहू दिला.

काकू किंचाळली. ब्राह्मण आपापल्या पानाकडे बघू लागले.

‘चुकून नाही हं, नाना,’ आत्या म्हणाली. ‘मुद्दाम शिवले. जा, आंघोळ करून या. आलात की पुन्हा शिवेन. मठाचं नाव काढाल तेवढ्या वेळा शिवेन. श्राद्ध कधी उरकायचं ते तुम्ही ठरवा.’

नाना घाटावर गेले. सूर्य चढत होता, श्राद्धाची वेळ टळत चालली होती, ब्राह्मणांना पुढं आणखी घरं होती. बाबा वरून खाली आले आणि कुणी न सांगता आत्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले. नाना निथळत परत आले तेव्हा ती देवघराच्या वाटेवर जमिनीवर बसलेली होती, हात मोकळे, मांडीवर. नाना उंबऱ्यावरच थांबले. तिच्या हातांकडे बघत राहिले. मग दाराच्या चौकटीला उद्देशून बोलावं तसं म्हणाले, ‘मठात कुणी जायचं नाही.’

‘आणि सुया?’ आत्यानं विचारलं.

‘घे.’

ती उठली नाही, सरकलीही नाही. नानांनी दोन्ही हातांनी सोवळं गोळा केलं, पाठ भिंतीकडे केली आणि तिच्याकडे बघत बघत आडवे आडवे आत गेले.